स्प्रिंगच्या एअर रायफलला स्कोप: ३-९×४० की ६-२४×५०?

कुळागरवाला, वाळपई
नमस्कार. माझ्याकडे ०.१७७ इंची एअर रायफल आहे, नळी मोडून भरायची, स्प्रिंगवाली. कुळागरामागे, म्हणजे पोफळीच्या बागेमागे, मातीचा उंच बांध आहे. त्यावर कागद लावून १० ते ३० मीटरवरून नेम मारतो. पन्नाशी उलटली, नळीच्या टोकावरची नेमाची माशी आता धूसर दिसते, म्हणून स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, घ्यायचाय. बजेट सात हजार. दुकानदार ६-२४×५० (झूम ६ ते २४ पट, समोरची काच ५० मिलिमीटर) गळ्यात मारतोय: "जितकं झूम मोठं तितका नेम पक्का." भाचा म्हणतो ३-९×४० पुरे. आणखी एक, काकांची परवान्याची बाराबोर घरात आहे. रानडुकरं सुरण उकरून टाकतात. तोच स्कोप पुढे तिच्यावर चढेल का?

फोंडेकर नेमबाज
भाचा बरोबर. फक्त १० मीटरच्या स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर स्कोप घेऊच नका, तिथे दुर्बीण चालत नाही, पीप साइट, म्हणजे मागच्या बारीक भोकातून नेम धरायची सोय, वापरतात.

जुना सर्वेअर, डिचोली
बाराबोरचं आधी. एकदम मूठभर छरे उडवणाऱ्या त्या बंदुकीला असला स्कोप लावून काही साधत नाही आणि डुकरावर रोखायचा तर बेत सोडा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. गवा तर आपल्या गोव्याचा राज्यप्राणी. माकडाला एअरगनचा छरा मारला तरी गुन्हाच. सुरण गेलं तर वन खात्याकडे अर्ज करा.

आता कागदावरच्या नेमाबद्दल. खाणीवर माझं आयुष्य थिओडोलाइटला, कोन मोजायच्या दुर्बिणीला, डोळा लावून गेलं, त्यामुळे झूमच्या आकड्याला मी भुलत नाही. समोरच्या काचेचा व्यास भागिले झूम, एवढ्या मिलिमीटरचं प्रकाशाचं वर्तुळ डोळ्यापर्यंत येतं. ५० ला २४ ने भागा: जेमतेम २. पोफळींच्या सावलीत, पावसाळी दुपारी, कागद काळपट दिसेल आणि डोकं केसभर हललं की चित्र गायब. ४० चा स्कोप ६ वर ठेवा, साडेसहाच्या वर मिळतात. पन्नाशीनंतर डोळ्याची बाहुली तेवढी उघडतही नाही, म्हणजे प्रकाश उरतोच. वर ५० चा स्कोप जड, आणि जड स्कोप रेलवर, बंदुकीवरच्या खाचेच्या पट्टीवर, जास्त सरकतो.

खरी गोम पॅरॅलॅक्सची. मोठ्या रायफलींचे स्कोप बहुधा १०० यार्डांवर जुळवलेले येतात. तुमच्या १५ मीटरवर कागद अस्पष्ट दिसतो, आणि डोळा जरा बाजूला केला की स्कोपमधल्या रेघांचा क्रॉस कागदावर फिरतो. बंदूक जागच्या जागी, तरी नेम चुकतो. म्हणून समोरच्या काचेभोवती फिरणारी कडी हवी, तिला एओ म्हणतात. तिच्यावर १० यार्डांपासून आकडे आहेत ना, ते दुकानातच बघा. वापरायची रीत थिओडोलाइटचीच: आधी कोऱ्या आभाळाकडे बघून मागच्या काचेने क्रॉस काळाकुट्ट करा, मग कडीने कागद, मग डोकं हलवून खात्री.

दुसरं, स्प्रिंगची बंदूक साधी समजू नका. पिस्टन पुढे सुटताना बंदूक मागे ढकलते आणि शेवटी आपटला की पुढे हिसका देते. हा उलटा धक्का चांगल्या महागड्या स्कोपच्याही आतल्या काचा ढिल्या करतो, कारण ते मागच्याच धक्क्यासाठी बांधलेले असतात. खोक्यावर 'एअरगन' किंवा 'स्प्रिंगर' लिहिलेलं नसेल तर परत ठेवा. स्कोप धरणारा माउंट ११ मिलिमीटरच्या खाचेचा, खाली स्टॉप पिन असलेला. पिन रेलवरच्या भोकात बसली पाहिजे, नाहीतर महिन्याभरात स्कोप मागे सरकून भुवईजवळ येईल.

कुळागरवाला, वाळपई
काका, देव बरें करूं. लावताना काय बघू? आणि पावसात बुरशीचं काय?

जुना सर्वेअर, डिचोली
डोळा काचेपासून आठ-नऊ सेंटिमीटरवर राहू दे. उभी रेघ सरळ करायला २५ मीटरवर ओळंबा टांगा. झिरो, म्हणजे छरा क्रॉसवरच लागेल अशी जुळणी, तिथेच करा. स्कोपवरच्या स्क्रूची पाव मिनिटाची (कोनाचं मिनिट, घड्याळाचं नव्हे) एक क्लिक त्या अंतरावर जेमतेम २ मिलिमीटर सरकवते, म्हणजे २ सेंटिमीटर चुकलं तर दहा-अकरा क्लिक. १० मीटरवर छरा थोडा खाली लागेल. स्कोप नळीच्या वर बसलेला असतो, घाबरून परत स्क्रू फिरवू नका.

बुरशीची काळजी खरी. चामड्याच्या पिशवीत मुळीच ठेवू नका, आमच्या ऑफिसातल्या दोन दुर्बिणी तशाच गेल्या. नायट्रोजन भरलेला स्कोप आतून धुकट होत नाही, बाहेरच्या काचेचं काम मात्र तुमचं. घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा आणि सिलिका जेल. त्याचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करून घ्या, पण जेवणाचा तवा नको.

फोंडेकर नेमबाज
आणि बांधामागे वाट नाही ना, ते आधी सांगा.

कुळागरवाला, वाळपई
नाही. मागे डोंगराची चढणच आहे. शनिवारी म्हापशाला जातो, कडीवरचे आकडे वाचूनच पैसे देईन.