मदत हवी आहे: कादंबरीतल्या इंग्लिश हवेलीत चोरखोली कुठे लपवू?

नमस्कार मंडळी. १९१२ सालातली एक रहस्यकथा लिहितेय. घटनास्थळ विल्टशरमधली उमरावाची हवेली, 'विदरली ॲबी' (ॲबी म्हणजे मठ). हवेली माझ्या मनातली, पण खरी वाटायला हवी, आणि तिथेच घोडं अडलंय.

ठरलंय ते असं. मूळचा मठ. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० दरम्यान मठ बंद केले, तेव्हा एका दरबाऱ्याने तो विकत घेतला. (त्याच परगण्यातल्या लेकॉक ॲबीचं असंच झालं, म्हणून नावात अजून ॲबी.) पहिल्या एलिझाबेथच्या काळात लाँग गॅलरी, म्हणजे लांबलचक दालन आलं, आणि त्याच्या धुराड्यामागे कॅथलिक पाद्र्याला (तेव्हा त्यांना बंदी होती) लपवायची चोरखोली. मग अठराव्या शतकात वंशजांना खांब-त्रिकोणांच्या पॅलाडियन फॅशनचं वेड लागलं.

आता प्रश्न. तेव्हा जुन्या भिंती ठेवून नुसता नवा दर्शनी भाग चढवत, की आतलंही पाडत? पाडलं तर गवंड्यांना चोरखोली सापडणारच, आणि माझा खून बोंबलला!

दुसरं, बाहेरून खिडक्या अकरा, आतून दहा, असा धागा ठेवलाय. १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता, त्यामुळे बुजवलेली खिडकी कुणाला खटकणार नाही. पण काही खोट्या खिडक्या निव्वळ समतोलासाठीही असत ना? दोन्हींत फरक कसा ओळखायचा?

आणि गुरं बागेत शिरू नयेत म्हणून खणलेला, घरातून न दिसणारा चर, त्याला मराठीत काय म्हणू? इंग्रजीत 'हा-हा' म्हणतात. तसंच लिहिलं तर प्रेत सापडतानाच वाचक हसेल.