यूरिक ॲसिड वाढलं म्हणजे गाऊटच असं नाही

आईचं यूरिक ॲसिड ७.४ आलंय, बोटांची पेरं सुजलीत, तर हा गाऊटच (यूरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा संधिवात) का, असं एकांनी विचारलंय. लगेच तसं ठरवू नका. आमची मावशी इथे सोलापुरात तीसेक वर्षं विड्या वळायची. तिच्या नखांजवळच्या सांध्यांवर हरभऱ्याएवढ्या टणक गाठी आहेत. सुईत दोरा ओवायचा तर आता नातीला हाक मारते. त्या हेबर्डनच्या गाठी, म्हणजे झिजेचा संधिवात. तो यूरिक ॲसिड नॉर्मल असलं तरी होतो (तिचं आहेच नॉर्मल).

पण झीज आणि गाऊट दोन्ही एकत्रही नांदतात. यूरिक ॲसिड १०० मिलिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्याचे स्फटिक बनू शकतात, आणि झिजलेल्या सांध्यात ते जास्त साचतात. बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्या वयस्कर बायकांत कधीकधी नेमक्या याच गाठींत गाऊट उठतो. रात्रीत बोट लालबुंद, गरम, चादरीचा स्पर्शही नको, असं झालं तर संशय घ्या. सांध्यातलं पाणी काढून तपासलं की उलगडा होतो. नुसत्या आकड्यावर यूरिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू नका. आणि कृपा करून तूरडाळ, शेंगाचटणी बंद करून आईचे हाल करू नका. आवरायचं तर मटण, कलेजी आवरा.