नळीची जाडी की नळीचा व्यास?

ऑफ-रोड गाडीच्या पुढच्या ॲक्सलचं हाउसिंग (चाकं फिरवणाऱ्या दांड्यांभोवतीचं नळीचं कवच) साध्या स्टीलऐवजी क्रोमोलीच्या (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या मजबूत स्टीलच्या) नळीचं केलं की ते कमी लवेल, म्हणून नळी पातळ घेता येईल, असं या चर्चेत म्हटलंय. अर्धंच पटलं. लवचिकतेचा गुणांक दोन्ही स्टीलचा जवळपास सारखाच, साधारण 205 गिगापास्कल. म्हणजे एकाच मापाच्या दोन्ही नळ्या तेवढ्याच भाराखाली सारख्याच लवणार. क्रोमोलीचा फायदा वेगळा आहे: ती कायमची वाकायला जास्त भार लागतो, आणि दगडावर आपटून पोचाही कमी पडतो.

कडकपणा, म्हणजे कमी लवणं, हवा असेल तर व्यास वाढवा. 3 इंची, पाव इंच जाडीच्या नळीऐवजी साडेतीन इंची, 3/16 इंच जाडीची घेतली तर वजन सुमारे 10 टक्के घटतं आणि कडकपणा 30 टक्के वाढतो. बदल्यात जमिनीपासूनची उंची पाव इंच कमी होते, ती मला तरी मान्य आहे. पातळ नळीला पोचे लवकर पडतात, म्हणून क्रोमोली वापरायचीच तर इथे वापरा.

आणखी एक, ट्रसबद्दल (नळीला बळकटीसाठी वेल्ड करतात त्या सांगाड्याबद्दल) कोणी बोललंच नाही. तो सलग वेल्ड केला तर आकसणाऱ्या वेल्डने नळी त्या बाजूला ओढली जाते आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) बिघडतो. नळी सरळ राहावी म्हणून हाउसिंगमधल्या बेअरिंगच्या बैठकींतून सरळ बार आरपार घालून, छोटे टाके आलटूनपालटून मारा, मध्ये थंड होऊ द्या. ज्यांवर नकल (चाकासोबत वळणारा सांधा) बसतो ते टोकाचे 'C' आकाराचे तुकडे शेवटीच, कोन तपासून वेल्ड करा.