घरच्या नेटचा स्पीड रोज नोंदवून ठेवावा का, की नुसताच उद्योग?

जुळेसोलापूरकर:
कनेक्शन १०० एमबीपीएसचं. रात्री नऊला मुलीचा क्लास अडकतो. तक्रार केली की माणूस येतो सकाळी अकराला, मोबाईलवर टेस्ट लावतो, "९४ हाय की ओ" म्हणतो आणि जातो. शेवटी पडून असलेल्या रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा कॉम्प्युटर) क्रॉन लावला, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप होतं. दर तासाला टेस्ट, आकडे सीएसव्ही फाइलीत, तक्त्यासारखे. २२ दिवस झाले. सकाळी ९० च्या वर, रात्री ९ ते ११ मध्ये १२ ते १८. नळाला पाणी कधी सुटलं ते आमची आई दुधाच्या हिशेबाशेजारी कॅलेंडरवर लिहिते. पाणीवाल्याशी भांडताना तेच कॅलेंडर कामी येतं. नेटचंही तसंच करावं, असं माझं मत.

कडकभाकरी:
रिकामा उद्योग. प्लॅनवर '१०० पर्यंत' लिहिलेलं असतं, तो 'पर्यंत' वाचा आधी. २०२३ पासून नियमात ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस. तुमचे १२ त्यांच्या लेखी चैनच. आणि हिशेब करा: १०० च्या लाइनवर १० सेकंदांची टेस्ट म्हणजे १२५ एमबी. दिवसाला ३ जीबी, महिन्याला ९०. मोजण्यातच नेट संपवणार काय बे? तो रास्पबेरी पाय वायफायवर असेल तर तुम्ही लाइन नाही, स्वयंपाकघराची भिंत मोजताय.

जुळेसोलापूरकर:
लॅन केबलवर आहे. पहिला आठवडा वायफायवर होता, २.४ गिगाहर्ट्झला, सकाळीसुद्धा ४० च्या पुढे जाईना. तो आठवडा फेकला, २२ दिवसांत धरलेला नाही. ९० जीबीचं मात्र बरोबर बोललात.

होटगीरोडचा:
फायबर जोडायचं काम करतो, म्हणून बोलतो. नुसत्या स्पीडवरून कारण कळत नाही. जीपॉनमध्ये, म्हणजे एकाच फायबरवरून अनेक घरांना नेट द्यायच्या पद्धतीत, एका पोर्टचे साधारण अडीच गिगाबिट ३२ नाहीतर ६४ घरांत वाटतात. त्यात ऑपरेटरने वरून घेतलेली बँडविड्थ कमी असली की रात्री सगळेच रडतात. ओएनटीच्या (फायबर येऊन जोडली जाते ती घरातली डबी) सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाचा जोर, बघा. तो उणे २७ डीबीएमकडे सरकला तर फायबरचा जोड बिघडलाय, नाहीतर केबल कुठंतरी मुडपलीय. तिथं आमचा माणूस लागतो. पॉवर ठीक आणि रात्री पिंग (उत्तर परत यायला लागणारे मिलिसेकंद) वाढतो, तर गर्दी. दर मिनिटाला पिंग नोंदवा, त्याला डेटा लागतोच किती! स्पीडटेस्ट दिवसातून चारदा बास.

कडकभाकरी:
म्हणजे आता तीन वह्या! कनेक्शन बदला आणि मोकळे व्हा.

जुळेसोलापूरकर:
बदलून जायचं कुठं? गल्लीत दोनच जण केबल टाकतात, आणि दोघांची एकाच डांबावरून गेलीय.
होटगीरोडचा, बघितलं. आरएक्स उणे २१, रात्रीही तेवढाच. पिंग सकाळी ८, रात्री दहाला १४०.

होटगीरोडचा:
मग गर्दीच. घरी माणूस बोलावू नका, तो येऊन राउटर बंद-चालू करेल. डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या, त्याशिवाय पुढं अपील करता येत नाही.

जुळेसोलापूरकर:
आज ग्राफची प्रिंट घेऊन ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या पोराने नेहमीसारखं "राउटर रीस्टार्ट करा" सुरू केलं, मग कागद उलटासुलटा करून बघितला आणि आत घेऊन गेला. पाच मिनिटांत डॉकेट नंबर हातात. याआधी तीन फेऱ्या मारून मिळाला नव्हता.

कडकभाकरी:
नंबर मिळाला. स्पीड?

जुळेसोलापूरकर:
आत्ता ९ वाजून ४० मिनिटं. १६.