एअरबॅगचा दिवा आणि सीट बेल्ट प्रीटेन्शनरचा कोड: पट्टा बदलण्यापूर्वी काय तपासावे?

करवीरकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे 2017 सालची हॅचबॅक आहे. गणपतीच्या आधी नवी सीट कव्हर बसवून घेतली आणि त्यानंतर काही दिवसांतच डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागू लागला. तो सतत लागलेला नसतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा ‘चालकाच्या बाजूचा प्रीटेन्शनर, रेझिस्टन्स जास्त’ असा कोड निघाला (प्रीटेन्शनर म्हणजे धडकेच्या क्षणी पट्टा आवळून घेणारा भाग). तो पुसला, पण सीट मागे सरकवताच परत आला. आता बेल्टचा संपूर्ण संच बदलावा लागेल, असे गॅरेजवाले म्हणतात. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष बेल्टमध्येच आहे हे कसे ठरवावे? घरी मल्टिमीटर आहे. त्याने प्रीटेन्शनर मोजून पाहिला तर चालेल का?

तारजोडणी

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: प्रीटेन्शनरला मल्टिमीटर लावू नका. त्याच्या आत स्फोटक पदार्थाची छोटी कुपी असते आणि ती पेटवणाऱ्या तारेचा रेझिस्टन्स (विद्युतरोध) साधारण दोन ओहम असतो. सव्वा अँपिअरच्या आसपास प्रवाह दोन मिलिसेकंद मिळाला तरी ती पेटते. मीटरचा प्रवाह बहुधा त्याहून पुष्कळ कमी असतो हे खरे, पण मीटर कोणता आणि कोणत्या रेंजवर आहे याची खात्री नसते. म्हणूनच वाहन कंपन्या थेट मोजणीला सरसकट मनाई करतात. टेस्ट लॅम्पचे तर नावही काढू नये.

आता कोडविषयी. एअरबॅगचा ईसीयू (नियंत्रण करणारा छोटा संगणक) अगदी सूक्ष्म प्रवाह सोडून संपूर्ण मार्गाचा रेझिस्टन्स सतत तपासत असतो. त्या मार्गात कुपी येते, तसे तिच्यापर्यंतची वायर आणि वाटेतले सगळे कनेक्टरही येतात. मूळ आकडाच दोन ओहमचा असल्यामुळे एखाद्या पिनेवर ओलाव्याने किंवा सैलपणाने एखाद-दुसरा ओहम वाढला, तरी ईसीयू कोड नोंदवतो. त्यामुळे हा कोड मार्गात दोष आहे एवढेच सांगतो. पट्टा खराब आहे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. सीट सरकवल्यावर तो परत येतो, हीच तुमच्या बाबतीत सर्वांत बोलकी खूण आहे.

बी_पिलर

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, मात्र एक गोष्ट आधी पक्की करून घ्यावी. काही गाड्यांत प्रीटेन्शनर बी-पिलरच्या (पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबाच्या) खालच्या भागात, पट्टा गुंडाळणाऱ्या रिट्रॅक्टरवर असतो. काहींत तो सीटला जोडलेल्या बकलवर असतो, आणि काहींत दोन्हीकडे. कोड बकलच्या प्रीटेन्शनरचा असेल तर त्याची वायर सीटखालून जाते आणि सीटच्या हालचालीशी तिचा थेट संबंध असतो. तो रिट्रॅक्टरचा असेल तर सीट सरकवणे हा योगायोगही असू शकतो. कोडमधील नाव आणि त्या मॉडेलची वायरिंगची आकृती ताडून पाहिल्याशिवाय काहीही उघडू नये.

सीट कव्हर बसवताना अनेकदा सीट काढतात किंवा उलटी करतात. त्या वेळी खालचा पिवळा कनेक्टर ओढला जातो. परत लावताना त्याची लॉकची पट्टी पूर्ण बसली नाही, तर तो दिसायला जोडलेला असतो आणि प्रत्यक्षात अर्धा बाहेर असतो. इग्निशन बंद करावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, ईसीयूमधील कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) रिकामा होण्यासाठी मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबावे आणि मगच त्या कनेक्टरला हात लावावा. पिनांवर हिरवट थर, वाकलेली पिन किंवा कव्हरच्या इलास्टिकमध्ये अडकून ताणलेली वायर आहे का, हे टॉर्चच्या उजेडात नीट पाहावे.

तेथे काही सापडले नाही, तर जाणकार तंत्रज्ञ प्रीटेन्शनरच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर किंवा त्यासाठीच मिळणारा डमी लोड लावतात, कोड पुसतात आणि सीट पुढे-मागे करून पाहतात. कोड आला नाही तर संशय प्रीटेन्शनरवर किंवा त्याच्याच पिनांवर जातो. डमी असतानाही आला तर नवा बेल्ट बसवूनही तो येणारच. ही चाचणी न करताच सुटा भाग मागवणाऱ्या गॅरेजवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

करवीरकर

दोघांचेही मनापासून आभार. सीटखाली पिवळ्या वेष्टनाची वायर दिसते, म्हणजे बकलचीच असावी. आणखी दोन शंका आहेत. मोबाईलला जोडायचा साधा ओबीडी डोंगल (गाडीतले कोड मोबाईलवर दाखवणारे छोटे उपकरण) माझ्याकडे आहे, पण त्यात हा कोड दिसतच नाही. आणि तपासणी होईपर्यंत गाडी चालवावी का?

तारजोडणी

साधे डोंगल आणि त्याचे अॅप बहुधा इंजिनचेच कोड वाचतात. एअरबॅगचे कोड ‘बी’ या अक्षराने सुरू होतात आणि ते वाचण्यासाठी त्या कंपनीच्या एसआरएस (एअरबॅग आणि प्रीटेन्शनरच्या) प्रणालीशी बोलू शकणारा स्कॅनर लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनरच्या लाइव्ह डेटात त्या मार्गाचा ओहममधील आकडा दिसतो का, हे विचारा. दिसत असेल तर एकाने पडद्यावर लक्ष ठेवावे आणि दुसऱ्याने सीट सावकाश सरकवावी. आकडा जिथे उडी मारेल, तिथल्या स्थितीत ताणली जाणारी वायर शोधावी. मात्र ही जोडणी चालू असताना सीटखाली कोणीही हात घालू नये.

दिवा लागलेला असताना अपघात झाला, तर प्रीटेन्शनर किंवा एअरबॅग काम करेलच असे धरून चालता येत नाही. पट्टा नेहमीसारखा अडवतो, पण आधी आवळून घेण्याची क्रिया होईल याचा भरवसा नाही. लांबचा प्रवास पुढे ढकला.

बी_पिलर

एक पुरवणी. चाचणीचा रेझिस्टर चाचणीपुरताच असतो. ‘दिवा घालवून देतो’ म्हणत तो कायमचा आत ठेवणारे लोक आहेत. मग ईसीयूला सारे आलबेल दिसते आणि प्रीटेन्शनर मात्र जोडलेलाच नसतो. दुरुस्तीनंतर सीटखाली वाकून पिवळा कनेक्टर बकलच्याच वायरला जोडला आहे ना, हे स्वतः पाहून घ्या.