छोट्या विद्यापीठातलं जीवशास्त्र : तुमच्या लॅबमध्ये काय चालतं?

जीवशास्त्रातल्या संशोधनाबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक मोठ्या संस्थांमधलं. पण पीएचडी करणारे कितीतरी जण प्रादेशिक विद्यापीठांत असतात. विभागात पीसीआरचं (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवण्याचं) यंत्र एकच, उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर दोन विभागांत मिळून एक, आणि गाइडचा निम्मा आठवडा वर्गावर. अशा ठिकाणी प्रश्न कसा ठरतो, काम कुठं अडतं आणि वाट कुठून निघते, हे तिथं दिवस काढलेल्यांनीच सांगावं म्हणून हा धागा. रडगाणं चालेल, पण तपशिलासकट. नुसतं 'सुविधा नाहीत' लिहू नका. काय नव्हतं आणि त्यामुळे प्रयोगाचं काय झालं ते लिहा. गाइडचं आणि विद्यापीठाचं नाव नको. खालच्या शीर्षकांखाली इतरांचे अनुभव आहेत.

सुरुवात मीच करते. माझा विषय अळ्या आणि त्यांच्या खाद्यवनस्पती. सिनॉप्सिसच्या (प्रबंधाच्या आराखड्याच्या) पहिल्या खर्ड्यात जनुकांचं एक्स्प्रेशन, म्हणजे कुठलं जनुक किती चालू आहे ते, होतं. ते मोजणारं रिअल-टाइम पीसीआरचं यंत्र दुसऱ्या संस्थेत, तिथं नंबर लागायला आठवडे जायचे, आणि त्यासाठी लागणारा आरएनए (जनुकाची कामापुरती नक्कल) काही आपल्यासाठी थांबत नाही. त्याचे तुकडे पाडणारं आरएनेझ आपल्या हातांवरच असतं आणि ऑटोक्लेव्हलाही (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रालाही) पुरतं दाद देत नाही. नमुने नेता-आणताना जो आरएनए उरेल त्याच्यावर प्रबंध कसा उभा करायचा? मॅडम म्हणाल्या, "अळ्या रोज मोजायला कुणाचा नंबर लावावा लागतो का?" नाही लागत. मग वाढीचा वेग, तापमान आणि पानांतलं नायट्रोजन यांवर काम झालं. नायट्रोजन मोजायची केल्डालची पद्धत 1883 सालची आहे. रिव्ह्यूअरनी तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पानातला डीएनए

माझी झाडं जास्वंदीच्या कुळातली. या कुळातून ज्यांनी डीएनए काढलाय ते आत्ताच हसले असतील. पान कुटून बफर घातला की नळीत शेंबडासारखा लगदा. पिपेटचं टोक बुडवलं की अख्खा लगदा वर येतो, सोडला की टोकालाच लोंबत राहतो. तयार किटचे कॉलम (डीएनए गाळून धरणाऱ्या नळ्या) पहिल्याच फेरीत तुंबतात. पुढं अल्कोहोल घातल्यावर भरघोस पांढरे धागे दिसतात आणि नवखा माणूस खूश होतो. त्यात डीएनए कमी आणि पॉलिसॅकराइडं (चिकट शर्करा) जास्त असतात. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 260/280 (प्रथिनांची भेसळ दाखवणारं गुणोत्तर) अगदी 1.8, म्हणजे शुद्ध वाटतो, पण पीसीआर लावला की जेल कोरं, म्हणजे डीएनएचा बँडच नाही.

आमच्या विभागात 260/230 (इतर भेसळ दाखवणारं गुणोत्तर) कुणी बघतच नव्हतं. ते 2 च्या आसपास हवं. माझ्या नमुन्यांत 1 सुद्धा भरत नव्हतं, म्हणजे पॉलिसॅकराइडं, फिनॉलं असली घाण बरोबर आलेली, आणि हीच मंडळी पीसीआरमधल्या पॉलिमरेझ एन्झाइमचा गळा धरतात.

किट बाजूला ठेवून सीटॅबवर (एका डिटर्जंटनं डीएनए काढायच्या पद्धतीवर) आले. डॉयल आणि डॉयल यांच्या 1987 च्या लेखामुळे ही पद्धत वनस्पतिवाल्यांच्या घरोघरी पोचली. पण ती जशीच्या तशी चालली नाही. कोवळं पान घेतलं, तेही रोप एक-दोन दिवस अंधारात ठेवून, म्हणजे साठवलेला स्टार्च कमी होतो. बफरमध्ये फिनॉलांसाठी पीव्हीपी, आणि पान काळं पडू नये म्हणून मरकॅप्टोइथेनॉल (त्या वासाबद्दल शेजारच्या लॅबची माफी). मुख्य फरक पडला तो मिठानं. अल्कोहोल घालायच्या आधी मीठ वाढवलं की पॉलिसॅकराइडं बरीचशी द्रावणात राहतात आणि डीएनए खाली बसतो. पेलेट (तळाशी बसलेला साका) दिसेनासं झालं तेव्हा सगळे म्हणाले, वाया गेलं. त्याच नळीतून पहिला बँड आला.

तरीही अडलंच तर टेम्प्लेट (पीसीआरमध्ये घालायचा डीएनए) दहापट पातळ करून बघा. डीएनए कमी होतो, पण अडथळा करणारी द्रव्यंही कमी होतात, आणि पीसीआरला डीएनए थोडाही पुरतो.

यातलं नवं काहीच नाही, सगळं कुठं ना कुठं छापलेलं आहे. आमच्याकडे ते एका सिनिअरच्या वहीत होतं आणि ती वही तिच्याबरोबर गेली. वह्या विभागातच राहिल्या पाहिजेत, हा नियम कागदावर सगळीकडे असतो.

वरच्या अनुभवाला जोड

द्रव नायट्रोजन मिळत नसेल तर फील्डवर सिलिका जेल न्या. पानाचे तुकडे करून पिशवीत भरपूर जेलबरोबर टाकायचे, दिवसभरात कडकडीत वाळले पाहिजेत. जेलचा रंग बदलला की ताबडतोब नवं घाला. चेस आणि हिल्स यांनी 1991 मध्ये हे लिहिलंय. सावकाश वाळलेलं पान घरी आणून उपयोग नाही, तोवर डीएनएचा चुरा झालेला असतो.

फ्रीझर

लिहिण्यासारखं फार नाही. वीज गेली, जनरेटर लागला नाही, सोमवारी दार उघडलं तर खाली पाणी. माझे जिवाणू वाचले, कारण ग्लिसरॉल स्टॉकचा (ग्लिसरॉलमध्ये गोठवलेल्या जिवाणूंचा) दुसरा संच वेगळ्या इमारतीत होता आणि तिसरा साध्या फ्रीजमध्ये स्लँटवर (नळीतल्या तिरक्या आगरवर). शेजारच्या मुलीचे सीरमचे नमुने गेले. ते पुन्हा गोळा करता येण्यातले नव्हते. तिनं विषय बदलला.

मातीतले जिवाणू

आमची लॅब गरीब, म्हणून माझे जिवाणू निराळे. खरंच सांगतोय.

सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेले जिवाणू आणि प्लेटवर (आगरच्या थाळीत) वाढलेले जिवाणू यांत प्रचंड तफावत असते. मातीच्या बाबतीत प्लेटवर जेमतेम शंभरात एखादा येतो. स्टेली आणि कोनोप्का यांनी 1985 मध्ये या तफावतीला नाव दिलं आणि तेव्हापासून सगळे तेच उद्धृत करतात. मोठ्या संस्था यावर मेटाजीनोमिक्स करतात, म्हणजे जिवाणू न वाढवताच मातीतला सगळा डीएनए वाचून काढतात. तो खर्च आमच्या ग्रँटमध्ये बसणारा नव्हता. सर म्हणाले, "आपल्याकडे वेळ आहे, वेळ वापर."

मग माध्यम मुद्दाम पातळ केलं. नेहमीच्या न्यूट्रियंट आगरवर भराभर वाढणारे दोन दिवसांत प्लेट व्यापतात आणि बाकीच्यांना जागाच उरत नाही. पोषण कमी केलं, तापमान खाली आणलं आणि प्लेटा वाळू नयेत म्हणून बंद डब्यात ओल्या कापसाबरोबर आठवडेच्या आठवडे ठेवल्या. गर्दीच्या लॅबमध्ये इनक्युबेटरचा कप्पा इतका वेळ कोण अडवू देईल? टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती दिसायला लागल्या, त्याही नुसत्या डोळ्यांना नाही, भिंग लावून. प्लेट तिरकी धरून उजेडात बघायची सवय लागली.

त्यांतला एक 16एस जनुकाच्या (जिवाणू ओळखायला वापरतात त्या) तुलनेत ओळखीच्या कुठल्याही जातीशी 97 टक्क्यांवर जुळत नव्हता. 98.7 च्या खाली असलं की नवी जात असण्याची शक्यता धरतात. इथं सावध राहावं लागतं. हे जनुक साधारण 1500 अक्षरांचं, आणि सँगर पद्धतीच्या (डीएनएची अक्षरं वाचायच्या) एका वाचनात भरवशाची अक्षरं सातआठशेच मिळतात. एकाच बाजूनं वाचून टक्केवारी छापणारे लेख मी पाहिलेत. दोन्ही बाजूंनी वाचा, आणि वाचनाच्या दोन्ही टोकांची घाण छाटल्याशिवाय तुलनेला बसू नका.

मासे तीस, टाक्या दोन

माशांवर कीटकनाशकाचा परिणाम. विभागातल्या जुन्या प्रबंधांची पद्धत ठरलेली : एक टाकी कंट्रोल (औषध नसलेली), एक टाकी औषधाची, प्रत्येकीत पंधरा मासे, n=15 (स्वतंत्र नमुन्यांची संख्या), टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना), पी ०.०५ पेक्षा कमी, म्हणजे फरक ग्राह्य. माझंही तसंच होणार होतं. जैवसांख्यिकी शिकवणाऱ्या मॅडमनी आराखडा बघून एवढंच विचारलं, "औषध माशाला दिलंस की टाकीला?"

औषध टाकीला दिलं, म्हणून n टाक्यांचा. एका टाकीतले पंधरा मासे एकच पाणी पितात. त्या टाकीचा एअर पंप मंद असला तरी पंधराही मासे एकसाथ सुस्तावतील आणि आकडेवारी ते औषधाच्या नावावर टाकेल. हर्लबर्टनं 1984 मध्ये यावर मोठा लेख लिहिला, त्यात अशा खोट्या पुनरावृत्तीला नाव दिलं आणि छापून आलेले कितीतरी प्रयोग सोलून काढले.

माझे सर बिथरले. त्यांच्या हाताखालचे आधीचे सगळे प्रबंध याच साच्यातले, ते चुकीचे म्हणायचे का? मॅडमनी शहाणपणा केला, जुन्या प्रबंधांचा विषयच काढला नाही. 'नियतकालिकं हल्ली हे विचारतात' एवढंच म्हणाल्या. बारा छोट्या टाक्या मांडायच्या ठरल्या. मोठ्या दोनच होत्या, म्हणून मासळी विभागाच्या अडगळीतून काचेच्या पेट्या काढल्या, गळत होत्या त्या सिलिकॉननं बुजवल्या, आणि कुठल्या पेटीत औषध हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. परिणाम जुन्या प्रबंधांपेक्षा बराच लहान निघाला. सरांना तो आवडला नाही, पण छापून आला.

गोगलगायी

वर्गीकरणावर काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "म्हणजे नक्की संशोधन काय?"

माझ्या प्रबंधातला बराचसा वेळ एकोणिसाव्या शतकातली वर्णनं वाचण्यात गेला. चार ओळींचं लॅटिन, शंखाची लांबी, आणि ठिकाण म्हणून अख्ख्या प्रदेशाचं नाव. मूळ नमुना समुद्रापलीकडच्या संग्रहालयात. तिथं जाणं शक्य नव्हतं, पण क्युरेटर लोक पत्राला उत्तरं देतात आणि फोटो काढून पाठवतात, हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पट्टी शेजारी ठेवून शंखाचं तोंड, बाजू आणि माथा असे कोन नेमके मागा, नाहीतर देखणा पण निरुपयोगी फोटो येतो. जुनी पुस्तकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट आहेत. आमच्या ग्रंथालयात त्यांतलं एकही नव्हतं, आता त्यानं काही अडत नाही.

नवी जात लिहायची तर होलोटाइप (नावाचा आधार असलेला नमुना) नेमून तो कुठं ठेवलाय ते सांगावं लागतं, आणि 2012 पासून केवळ ऑनलाइन छापलं असेल तर झूबँकवर (प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत) नोंद असल्याशिवाय नाव वैध धरत नाहीत. माझा होलोटाइप विभागाच्या कपाटात ठेवा, असा आग्रह झाला. मी तो मोठ्या संग्रहालयात दिला. आमच्या कपाटात आधीच्या कुणाच्या बाटल्यांतला अल्कोहोल उडून गेलेला आहे आणि लेबलं बाटलीच्या बाहेर चिकटवलेली होती, ती गळून पडलीत. लेबल आत टाका, शिसपेन्सिलीनं लिहून.

पेशी

लॅबमध्ये वाढवायच्या पेशी दुसऱ्या लॅबनं प्रेमानं दिल्या. प्रेमानं दिलेल्या पेशींबरोबर मायकोप्लाझ्मा (एक अतिसूक्ष्म जिवाणू) येतो. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन त्याचं काही करू शकत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, माध्यम गढूळ होत नाही, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतो. पेशी जिवंत असतात, फक्त जरा मंद वाढतात, आणि तुम्ही ते तुमच्या औषधाचा गुण म्हणून लिहिता. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक असेल तर डीएनएचा रंग देऊन बघा, केंद्रकाबाहेर ठिपके दिसतात. नसेल तर पीसीआर.

आणि पेशी त्याच आहेत का हेही बघा. 1966 मध्ये गार्टलरनं दाखवलं की वेगवेगळ्या म्हणून वापरात असलेल्या अठरा सेल लाइनी (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) हेलाच, म्हणजे एकाच स्त्रीच्या गाठीतून आलेल्या पेशी, निघाल्या. देणारी लॅब रागावते. रागावू दे.

गाइडच्या बाजूनं

सगळे विद्यार्थीच बोलतायत म्हणून लिहितो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठांना कॅन्सरवर काम करायचं असतं. वनस्पतीचा अर्क, पेशींवर टाकायचा, पेशी मरतात, पेपर. पुरेशा प्रमाणात टाकला तर जवळपास कुठलाही अर्क पेशी मारतो. मी नाही म्हटलं की मुलं दुसऱ्या गाइडकडे जातात आणि माझ्यापेक्षा लवकर पदवी घेतात. मला याचा राग येतो आणि मी त्यांना दोषही देऊ शकत नाही, कारण नेमणुकीच्या वेळी पेपर मोजले जातात, वाचले जात नाहीत. आठवड्यात लेख स्वीकारणारी आणि मग पैसे मागणारी नियतकालिकं याच मोजणीवर जगतात.

लॅब असिस्टंट

मी संशोधक नाही, पण ऑटोक्लेव्ह मी लावतो, म्हणून लिहितो. ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळ्या रेघा आल्या म्हणजे आतलं निर्जंतुक झालं असं सगळे समजतात. टेप गरम झाली एवढंच ती सांगते. 121 अंशांवर 15 पौंड दाब, पंधरा-वीस मिनिटं, आणि ती मोजायची आतली हवा पूर्ण निघून तापमान चढल्यावर, बटण दाबल्यापासून नाही. दोन लिटरचा भरलेला फ्लास्क आत मधोमध तापायला छोट्या नळ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतो; दोन्ही एकाच फेरीत ठेवता आणि मग कंटॅमिनेशन आलं की लॅमिनारला (गाळलेल्या हवेच्या कपाटाला) नावं ठेवता. फ्लास्क अर्ध्याच्या फार वर भरू नका. झाकणं सैल ठेवा. आणि गॅस्केटला चीर पडली असेल तर मला सांगा, वरून वजन ठेवून चालवू नका.