मदत हवी आहे : प्रायोजकांचा पैसा आणि फॉर्म्युला वनमधील चालकांची निवड

नमस्कार. फॉर्म्युला वनमध्ये प्रायोजकांच्या पैशाचा चालकाच्या निवडीवर कसा परिणाम होतो, याविषयी मी एक मराठी लेख लिहीत असून त्यासाठी आपली मदत हवी आहे.

2010 मध्ये ब्राझीलच्या शर्यतीत निको हुल्केनबर्ग याने विल्यम्स संघासाठी पोल पोझिशन, म्हणजे शर्यत सुरू होताना सर्वांत पुढची जागा, मिळवली. तरीही पुढच्या हंगामात त्याची जागा पास्तोर माल्दोनादो याला मिळाली, ज्याच्या पाठीशी व्हेनेझुएलाची सरकारी तेल कंपनी होती. मात्र माल्दोनादोला निव्वळ पैशावर आलेला चालक म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण तो फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या जीपी टू मालिकेचा 2010 चा विजेता होता आणि 2012 ची स्पॅनिश ग्रांप्री त्याने पोलवरून सुरुवात करून जिंकली. आपल्या नारायण कार्तिकेयनलाही 2005 मध्ये जॉर्डन संघात टाटांचे पाठबळ होते, पण त्याआधी त्याने ब्रिटिश फॉर्म्युला थ्री या खालच्या स्तरावरील मालिकेत शर्यती जिंकल्या होत्या.

सुपर लायसन्ससाठी (फॉर्म्युला वनमध्ये उतरण्यासाठी लागणारा परवाना) 2016 पासून लागू झालेल्या, खालच्या मालिकांतील कामगिरीतून 40 गुण मिळवण्याच्या अटीमुळे पैशाचा प्रभाव खरोखर कमी झाला, की तो कार्टिंग आणि फॉर्म्युला थ्रीच्या खर्चिक पायऱ्यांवर सरकला? या खालच्या पायऱ्यांवर प्रायोजकांशी करार करण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. तसेच ‘पे ड्रायव्हर’ (प्रायोजकांच्या पैशाच्या बळावर संघात जागा मिळवणारा चालक) या शब्दासाठी चालकाचा अवमान न करणारा मराठी प्रतिशब्द सुचवावा, ही विनंती.